पांढऱ्या दोऱ्याची खूण

तिला सगळे कानवाली म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण पाठीमागचं बोलणंसुद्धा तिला ऐकू जाई, म्हणून तर ती कानवाली. खालच्या मजल्यावर कुणाचा नळ गळतोय हे ती वर बसून सांगे. शाळेत ती दोनच वर्षं गेली, सहीपुरती अक्षरं गिरवली आणि पाटी ठेवून दिली ती कायमची. पण ऐकण्याची गोष्ट निघाली की भल्याभल्यांनी तिच्यापुढे कान पकडावेत, आणि तिनेही ते पकडून घ्यावेत, अशी तिची रीत.

कान तिला नवऱ्याने दिले होते. तो रेडिओ दुरुस्त करायचा. चाळीस वर्षं त्याने लोकांची मुकी खोकी बोलती केली आणि स्वतःसाठी काय जमवलं, तर दोन स्पीकर. कुणाच्या तरी बंगल्यातून मोडीत निघालेले, कमरेएवढे उंच, जाड लाकडाचे, पुढे विटकरी रंगाचं जाडंभरडं कापड. आत कागदाचे मोठाले पडदे, ताटाएवढे. बैठकीच्या खोलीत खिडकीच्या दोन बाजूंना ते उभे होते आणि मध्ये एक तिपाई. त्या तिपाईवर कुणी बसायचं नाही, काही ठेवायचं नाही.

"ती गाणारीची जागा," नवरा सांगायचा. "दोन्ही पेट्या एका मताने बोलल्या की आवाज डावीकडूनही येत नाही, उजवीकडूनही येत नाही. मधोमध येतो. डोळे मिट, ती येऊन बसते बघ."

लग्नानंतर वर्षभर तिला काही दिसलं नाही. मग एका दुपारी डोळे मिटले आणि बाई खरंच येऊन बसली. श्वास घेतलेला ऐकू आला, ओठ उघडल्याचा आवाज ऐकू आला. तिने घाबरून डोळे उघडले तर तिपाई रिकामी. नवरा पोट धरून हसला होता.

नवरा जाऊन सहा वर्षं झाली तरी बैठक मोडली नव्हती. दर रविवारी दुपारी चार वाजता घड्याळवाले भावोजी आपली जोडी बगलेत मारून जिना चढत. ते नवऱ्याचे जुने मित्र. त्यांचे स्पीकर लहान, काळे, चारी बाजूंनी बंद. अँप्लिफायरला दोन जोड्यांची सोय होती. खटका इकडे केला की हिच्या पेट्या, तिकडे केला की भावोजींचे खोके. एकच तबकडी, एकच गाणं, आणि मग वाद.

"तुमचे खोके म्हणजे नीटनेटकी माणसं," कानवाली म्हणे. "शब्द न् शब्द स्वच्छ. पण वाढतील ते मोजून. आमच्याकडे बघा, पियानोचा डावा हात, तो सगळा खर्ज, जमिनीतून पायात चढतो."

"पायात चढतो आणि डोक्यात जातो, वहिनी. तुमची बाई गाते छान, पण आहे त्यापेक्षा मोठी दिसते. माझी बाई आहे तेवढीच दिसते."

"मला दोन्ही सारखेच वाटतात," मुलगा म्हणे.

"तुला मिक्सर आणि पियानोसुद्धा सारखेच वाटतात. तू गप बस."

या बैठकीला नवऱ्याने घालून दिलेला एक नियम होता. तुलना करण्याआधी दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा करायचा. भावोजींनी त्यासाठी आवाजाच्या बटणाच्या कडेला खडूच्या दोन रेघा मारल्या होत्या, एक मोठ्या पेट्यांची, एक छोट्यांची. "जो मोठ्याने बोलतो तोच माणसाला खरा वाटतो," नवरा म्हणायचा. "कान फसतात. आधी आवाज सारखा करा, मग निवाडा." कानवाली हे वाक्य पाहुण्यांना आपलंच असल्यासारखं ऐकवी. त्यातलं तिने घरात किती पाळलं, ते तिच्या सुनेला विचारावं.

सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांचे डोळे तपासायची आणि घरी आली की सासूकडून कान तपासून घ्यायची. पहिल्या वर्षी कानवालीने तिला तिपाईसमोर बसवलं, डोळे मिटायला लावले. "सांग, बासरी कुठे आहे?" सुनेने बोट केलं ते बरोबर बासरीवर. मुलाला तीस वर्षांत जे जमलं नव्हतं ते परक्या घरातून आलेल्या पोरीला तिसऱ्या महिन्यात जमलं. त्या दिवशी कानवाली चार घरं सांगत सुटली. सुनेला मात्र एवढंच म्हणाली, "बरं आहे. शिकशील."

आता झालं काय, ते ऐका. पेट्यांच्या पडद्यांना भोवती मऊ कड असते, त्यावर पडदा हलतो. ती कड जुनी होऊन कुजली होती, बोट लावलं की पीठ पडे. कानवाली आठ दिवस बहिणीकडे गेली तेव्हा सुनेने एक म्हातारा मिस्त्री शोधून काढला, पेट्या त्याच्याकडे पोचवल्या, नव्या कडा चिकटवून घेतल्या आणि सासू यायच्या आत जागेवर ठेवल्या. पडदे तेच, नुसती कड नवी.

"आई, मिस्त्रीकडून पेट्या नीट करून आणल्यात. रविवारी ऐका," ती म्हणाली. चेहरा असा की जत्रेतून आलेलं पोर. "आत्ता आणखी काही सांगत नाही."

कानवालीने तोंडाने "बघू" म्हटलं. न विचारता पेट्यांना हात लावला हे तिला खुपलं होतं, पण रविवार दोन दिवसांवर होता. शनिवारी सून कामावर गेल्यावर तिने पेट्या ओढून मागचा कोपरा झाडायला घेतला. भावोजी येणार, नणंद येणार, आणि नणंदेची नजर आधी कोपऱ्यात जाते मग माणसाकडे. प्रत्येक पेटीमागे दोन स्क्रू, त्यांना दोन तारा. तारा सोडवल्या, पुसल्या. दोन्ही तपकिरी, एकसारख्या. प्रत्येक पेटीच्या एका तारेला टोकाशी दोऱ्याचं वेटोळं होतं, मळून काळंकुट्ट झालेलं. काय हे ध्यान, म्हणून तिने दोन्ही दोरे कातरीने कापून काढले आणि तारा पुन्हा लावून टाकल्या. स्क्रू आवळताना ती स्वतःवर खूश होती. साठी उलटली तरी कुणाची मदत लागत नाही म्हणून.

रविवारी सगळे बसले. नणंद आली, भावोजी आले, मुलगा पेपर घेऊन बसला. सून चहा ठेवून दाराशी उभी राहिली, हात पुसत, हसू दाबत. सुई तबकडीवर टेकली.

गाणारी आलीच नाही.

आवाज होता, पण तो भिंतींना लागून कुठेतरी पसरला होता, सांडलेल्या दुधासारखा. पियानोचा डावा हात नाहीसाच झाला होता. पायाखाली जमीन गार. तिपाई रिकामी ती रिकामीच. कानवालीने डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. मग नवरा दुसऱ्यांदा गेल्यासारखं तिला झालं.

"हे आमचे पडदे नाहीत," ती म्हणाली.

सुनेचं हसू तिथंच थांबलं. "आई, तेच आहेत. मी स्वतः ऐकलेत गुरुवारी, फार छान—"

"मला शिकवतेस? हे कान कुणाचे आहेत? जुने पडदे काढून घेतले आणि बाजारातले पत्रावळीसारखे बसवून दिले. त्या मिस्त्रीने तुला फसवलं, नाहीतर—"

"नाहीतर काय?"

"नाहीतर तुम्ही दोघांनी मिळून मला."

भावोजी पुढे झुकले. "वहिनी, जरा मागची जोडणी बघू या का? कधीकधी—"

"जोडणी मी केलीय. माझ्या हाताने. तुम्ही घड्याळं बघा."

भावोजी मागे सरले. मुलाने पेपर खाली ठेवला.

"माझ्या माणसाची शेवटची खूण होती ती घरात," कानवाली म्हणाली, आणि आवाज आता जिन्यापर्यंत गेला होता. "ती विकलीस. किती आले गं?"

सुनेने रिकामे कप गोळा केले. एकही कप वाजला नाही. कानवालीला तेवढं ऐकू आलं, की कप वाजले नाहीत.

त्यानंतरचे दिवस मोठे चमत्कारिक गेले. सुनेने काही कमी केलं नाही. औषध वेळेवर, पाणी वेळेवर, कपडे घडी करून उशाशी. फक्त "आई" म्हणणं बंद झालं. "जेवण झालंय." "गोळी ठेवलीय." वाक्याच्या पुढची हाक कापून टाकलेली. भांडली असती तर कानवालीने तिला दोन ऐकवून चार ऐकून घेतली असती आणि हिशोब मिटला असता. पण गप्प माणसाशी भांडायचं तरी कसं? मुलगा दोघींच्या मध्ये बसून मान खाली घालून जेवायचा. एकदा तो म्हणाला, "आई, जाऊ दे ना आता." कानवाली म्हणाली, "मी कुठे धरून ठेवलंय?" आणि धरून ठेवलं.

बुधवारी मुलाच्या शर्टाचं बटण तुटलं. कानवालीने बटणांचा डबा काढला. काही टाकायचं नाही हा तिचा बाणा, त्यामुळे त्या डब्यात बटणांपेक्षा इतरच माल जास्त. बटण शोधताना बोटाला काहीतरी टोचलं. दोऱ्याची दोन वेटोळी. मळून कडक झालेली, तारेभोवतीचा बाक तसाच धरून बसलेली. फेकायला जीव होईना म्हणून तिनेच शनिवारी डब्यात टाकली होती.

तिने एक वेटोळं उजेडात धरलं. आत, जिथे हात लागला नव्हता, तिथे दोरा पांढरा होता.

आणि तिला नवरा दिसला. पेटीमागे बसलेला, दातांत दोरा धरलेला. स्क्रूंच्या शेजारी बारीक अक्षरं होती, कोणती तार कुठे ते सांगणारी. तिला ती वाचता येत नव्हती आणि तो दुकानात असताना पेट्या हलवायची वेळ तिच्यावरच यायची. "दोऱ्याची तार वरच्या स्क्रूला," तो म्हणाला होता. "दोन्हीकडे तसंच. एक जरी उलटी लागली तर एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. दोघं एकमेकांचं बोलणं खाऊन टाकतात. ही खूण काढू नकोस."

"मला वाचता येत नाही म्हणून बांधतोस ना?" तिने फणकाऱ्याने विचारलं होतं.

"छे. पेटीमागे अंधार असतो, मलाच अक्षरं दिसत नाहीत."

त्याचे डोळे ससाण्यासारखे होते. घड्याळवाल्याच्या हातून सांडलेला स्क्रू तो फरशीवरून उचलून द्यायचा. तिला तेव्हाही ते ठाऊक होतं. तिची लाज राखायला त्याने आपले डोळे अधू करून घेतले होते, आणि तिने ते मुकाट्याने मान्य केलं होतं. असं झाकता येतं माणसाला, वाटलं तर. आणि तिने काय केलं होतं? चार माणसांत "किती आले गं" म्हणून विचारलं होतं.

गुडघे टेकून ती पेटीमागे शिरली. उजव्या पेटीच्या तारा सोडवल्या, वरची खाली आणि खालची वर अशा फिरवून लावल्या. तबकडी ठेवली, सुई टेकवली, डोळे मिटले.

बाई येऊन बसली. मधोमध. श्वास घेतला. आणि पियानोचा डावा हात जमिनीतून असा आला की तसा सहा वर्षांत आला नव्हता. नव्या कडांमुळे. पोरीने पेट्या दहा वर्षांनी तरुण करून आणल्या होत्या. तबकडी एका बाजूने संपली, सुई आतल्या आत खरखरत फिरत राहिली, तरी कानवाली उठली नाही. तिचे कान तापले होते. लहानपणी मास्तरांनी धरल्यावर तापायचे तसे.

एवढं झाल्यावर शहाण्या बाईने काय करावं? संध्याकाळी सून दारात आली की सांगून मोकळं व्हावं. कानवालीनेही ठरवलं होतं. सून आली, चपला काढल्या, "गोळी घेतली?" म्हणाली, आणि कानवालीच्या तोंडून निघालं, "हो."

मग तिने स्वतःची समजूत घातली. रविवारी सगळे ऐकतीलच. आवाज नीट आला की आपोआप विषय संपेल. झाली गेली गोष्ट कशाला उकरायची? जन्मभर जिने दुसऱ्याची चूक नळावर, जिन्यात, दारात बोलून दाखवली, तिला आपल्या चुकीसाठी मात्र असा मखमली बटवा सापडला.

रविवार आला. खडूची रेघ जुळवून भावोजींनी सुई टेकवली आणि दोन ओळींतच त्यांचा हात गुडघ्यावर थांबला. "अरे वा," ते म्हणाले. आणखी काही म्हणणार होते, पण नणंदेने टाळी वाजवली.

"बघितलंस वहिनी? आले की नाही परत! मी म्हटलंच होतं, चार माणसांत बोललं की चोरसुद्धा माल दाराशी ठेवून जातो."

कानवालीच्या हातातली बशी तशीच राहिली. हे तिने ध्यानात घेतलंच नव्हतं. आवाज बरा झाला तर लोक म्हणतील तरी काय? पडदे बदलले होते, आता घाबरून जागेवर आणले. तिच्या गप्प बसण्याने सुनेवरचा डाग पुसला नव्हता, पक्का झाला होता.

मुलगा बायकोकडे वळला. हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. पण त्या खोलीत एक बाई अशी होती की जिला सगळं ऐकू जाई. "तू... बदलून आणलेस का? मला तरी सांगायचंस."

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. ज्या नजरेने पाहिलं ती कानवालीला सहन होईना. सून ट्रे उचलून आत गेली.

"थांबवा ते," कानवाली म्हणाली.

भावोजींनी सुई उचलली.

"पडदे जुनेच आहेत. त्या दिवशीही जुनेच होते. तार मी उलटी लावली होती."

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग नणंद मायेने हसली. "वहिनी, सुनेला पाठीशी घालायचंय तर घाल. पण त्यासाठी स्वतःकडे कमीपणा? तुझ्या हातून अशी चूक होईल का कधी?"

झालं. आयुष्यभर मिरवलेला लौकिक असा आडवा आला. खरं बोलली तर कुणी खरं मानेना. उलट आता ती मोठ्या मनाची ठरत होती, आणि त्याइतकी लाज तिला कशाचीच वाटली नसती.

ती उठली. कनवटीला खोचलेली दोऱ्याची वेटोळी काढून तिपाईवर ठेवली, जिथे कधी काही ठेवायचं नाही तिथे. मग सगळ्यांसमोर गुडघ्यांवर आली आणि पेटीमागे शिरली. तार सोडवली, उलटी लावली.

"लावा," ती पेटीमागून म्हणाली.

सुई टेकली. गाणारी विरघळली. आवाज भिंतींना लागून पसरला, जमीन गार पडली.

"हेच ऐकलं होतं ना तुम्ही? हे मी केलं. शनिवारी, कोपरा झाडताना. त्यांनी बांधलेली खूण कापून टाकली मी. मला अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून बांधली होती त्यांनी." हे शेवटचं वाक्य तिने आयुष्यात कधी कुणाला सांगितलं नव्हतं. "भावोजी सांगत होते, जोडणी बघू या. मी त्यांचं तोंड बंद केलं. पोर सांगत होती, तिचंही केलं. बुधवारी मला कळलं. आज रविवार आहे. मध्ये तीन दिवस मी गप्प बसले. तेही मीच."

नणंद बांगडी फिरवत बसली. भावोजींनी चष्मा काढून पुसायला घेतला, आणि पुसतच राहिले. मुलाची मान खाली होती.

आता तार सरळ करायची होती. पण टोक स्क्रूखाली जाईना. एकदा निसटलं, दोनदा निसटलं. पेटीमागे खरंच अंधार होता. मागे पावलं वाजली. कुणाची ते तिला न बघता कळलं.

"सरका जरा," सून म्हणाली.

कानवाली सरकली. सुनेने तार घेतली, स्क्रूखाली धरली, आवळली.

"तुला ठाऊक होतं?" कानवालीने विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही, इतका बारीक.

"मिस्त्रींना त्याच दिवशी फोन केला होता. ते म्हणाले, तार उलटी असेल."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही ऐकलं असतंत?"

कानवाली म्हणाली, "नुसती फिरवून तरी टाकायची होतीस."

"मी हात लावला असता तर म्हणाला असतात, पुन्हा काहीतरी केलं."

"म्हणाले असते," कानवालीने कबूल केलं. "चुकलं माझं. पडद्यांच्या बाबतीत नाही, तुझ्या बाबतीत."

सुनेने डब्यातून आणलेला पांढरा दोरा दातांनी तोडला, तारेच्या टोकाला चार वेढे दिले, गाठ मारली, वर आणखी एक गाठ मारली. मग दुसऱ्या पेटीमागे गेली आणि तिथेही तसंच केलं. कानवाली फरशीवर बसून बघत होती. उठायला हात कुणी दिला तर तो मुलाने.

तबकडी पुन्हा लागली. गाणारी आली, तिपाईवरची वेटोळी बाजूला न सारता तिथेच बसली. कानवालीने डोळे मिटले नाहीत. आज डोळे मिटायचा तिला हक्क वाटत नव्हता. ती दाराकडे बघत होती, जिथे सून कमरेवर हात ठेवून उभी होती, आत आली नव्हती आणि गेलीही नव्हती.

गाणं संपल्यावर भावोजी उठले, आपली जोडी बगलेत मारली. "आज निवाडा नको," ते म्हणाले.

रात्री कानवालीच्या उशाशी गोळी आणि पाणी होतं. "गोळी ठेवलीय," सून म्हणाली. हाक अजून नव्हतीच. ती मागून मिळायची गोष्ट नव्हती, हे कानवालीला समजत होतं. तिने गोळी घेतली आणि भिंतीपलीकडे भांडी घासल्याचा आवाज ऐकत पडली. सून भांडी घासताना बारीक आवाजात गुणगुणायची. आज गुणगुणत नव्हती. कानवालीने कान दिला, आणि देतच राहिली.